‘उद्यापासून येऊ नको बे’ म्हटलं की नोकरी संपते का?

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चहाच्या गाड्यांवर दोन उलटसुलट बातम्या फिरू लागल्या. कामगारांच्या मोबाईलवर आलं : ‘काढलं की दोन दिवसांत सगळा हिशेब.’ कारखानदारांच्या ग्रुपवर आलं : ‘तीनशे कामगारांच्या आत आता कुणालाही कधीही काढा, विचारणारं कोणी नाही.’ दोन्ही निरोपांत थोडं खरं आहे, आणि जेवढं खरं आहे त्यानेच माणूस फसतो.

जुन्या गिरणीपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत गिरण्यांचे भोंगे बंद होताना या शहराने पाहिले आहेत. तरी एका कामगाराची नोकरी संपवायची रीत मात्र आजही बहुतेक ठिकाणी तोंडीच आहे. जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, पाळी सुटताना सांगतो, ‘मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नको बे,’ आणि विषय संपला असं दोघंही धरून चालतात. कायद्याच्या लेखी तो तिथे सुरू होतो.

कात्री कुठं लावायची

टॉवेलच्या मागावर दोन टॉवेलांच्या मधे झालरीसाठी आडवा धागा न घातलेली पट्टी सोडलेली असते. कात्री तिथंच लावायची. चार इंच अलीकडे लावली तर एक टॉवेल नाही, दोन वाया जातात. नोकरी तोडायचीही अशी ठरलेली जागा असते आणि ती तीन प्रश्नांनी सापडते : कारण काय, पद्धत कोणती, हिशेब किती.

कारखानदार कारणावर अडून बसतो (‘तो चोर आहेच’) आणि कामगार हिशेबावर (‘माझे पैसे द्या’). प्रकरणं मात्र बहुतेक वेळा मधल्या पद्धतीवर फिरतात. कारण खरं असूनही पद्धत चुकली, म्हणून मालकाला भरपाई मोजावी लागते. नोकरी जाणं न्याय्यच होतं, पण कामगाराकडे हजेरीचा एकही कागद नाही, म्हणून हक्काचे पैसेही बुडतात. हेही तितकंच घडतं.

आधी दार ठरवा

नोकरीतून बाहेर पडायची दारं मोजकी आहेत : राजीनामा, निवृत्ती, ठरलेली मुदत संपणं, गैरवर्तनासाठी बडतर्फी, आणि काम कमी झालं म्हणून काढणं. शेवटच्याला कायद्यात ‘कामगार कपात’ म्हणतात. कामगाराची काही चूक नसताना त्याला कमी करणं, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक दाराचे कागद वेगळे आणि पैसेही वेगळे.

घोटाळा होतो तो एका दाराने काढून दुसऱ्याची पाटी लावली की. माणूस नकोसा झाला, चौकशीची कटकट नको, म्हणून कागदावर ‘ऑर्डर नाहीत’ लिहायचं; आणि पुढच्याच आठवड्यात त्याच मागावर नवा माणूस उभा करायचा. समेट अधिकाऱ्यासमोर (मालक-कामगार वाद मिटवणारा सरकारी अधिकारी) नव्या माणसाची हजेरी निघाली की त्या कागदाला काही किंमत उरत नाही.

हे सगळं ‘कामगारा’ला लागू आहे. व्यवस्थापक त्यात येत नाही, आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगाराचा देखरेख करणारा माणूसही नाही. त्यांचं प्रकरण नियुक्तीपत्रातल्या अटींवर चालतं. मात्र हुद्द्याचं नाव बघत नाहीत, काम बघतात. दिवसभर स्वतः माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला पगारपत्रकात ‘मॅनेजर’ लिहिलं म्हणून तो मॅनेजर होत नाही.

२४० दिवसांचं गणित

कामगार कपातीचं संरक्षण एक वर्ष सलग सेवा झालेल्याला मिळतं. ‘सलग’ म्हणजे ३६५ दिवस नव्हे. काढल्याच्या तारखेपासून मागे मोजलेल्या १२ महिन्यांत २४० दिवस काम भरलं की वर्ष धरतात. यात पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि सणाच्या पगारी सुट्ट्या येतात, पगारी रजा येते, कामावर झालेल्या अपघातामुळे घरी बसलेले दिवस येतात, बाळंतपणाची २६ आठवड्यांपर्यंतची रजाही येते. नुसते मागावर उभे राहिलेले दिवस मोजून ‘२१०च भरले’ म्हणणारे इथे चुकतात.

पण २४० दिवस भरले हे आधी कामगाराने दाखवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मालक हजेरीपुस्तक देईल या भरवशावर राहू नये. पगाराची चिठ्ठी, बँकेतली जमा, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पीएफच्या पासबुकातल्या महिन्यांच्या नोंदी यांचे फोटो नोकरी चालू असतानाच काढून ठेवावेत. रोखीने पगार घेणाऱ्याची अडचण इथे सगळ्यात मोठी, आणि शहरात तसे कमी नाहीत.

काम खरोखरच कमी झालं तर

तेव्हा तीन गोष्टी करायच्या. एक महिन्याची लेखी नोटीस, कारणासह. नाहीतर त्या महिन्याचा पगार. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार ही भरपाई. वरचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा असेल तर तोही वर्षच. आणि सरकारला कळवणं. नोटीसपगार आणि भरपाई काढतानाच हातात पडली पाहिजे. ‘दिवाळीला बघू’ म्हटलं तर कपातच बेकायदा ठरते.

काढायचं कोणाला, हेही मालकाच्या मर्जीवर नाही. त्या त्या खात्यात शेवटी आलेला आधी जातो. वॉर्पिंगच्या (ताणा भरणाऱ्या) माणसाची तुलना वॉर्पिंगच्याच माणसाशी करायची, शिलाईवाल्या बाईशी नाही. जुन्याला काढून नव्याला ठेवायचं असेल तर त्याची कारणं लिहून ठेवावी लागतात. आणि वर्षाच्या आत पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारायचं.

आता आकडे. महिन्याला १३,००० रुपये पगाराचा, ७ वर्षं ८ महिने नोकरी झालेला कामगार धरू. सेवा ८ वर्षं मोजली जाईल. महिन्यात १० दिवस भरलेत आणि १२ दिवसांची रजा शिल्लक आहे. रोज ५०० रुपये पडतो (१३,००० भागिले २६).

चालू महिन्याचा पगार ५,०००. शिल्लक रजेचे ६,०००. नोटीसपगार १३,०००. कपातीची भरपाई : अर्ध्या महिन्याचे ६,५०० गुणिले ८, म्हणजे ५२,०००. ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांमागे नोकरी संपताना मिळणारी रक्कम) : ५०० गुणिले १५ गुणिले ८, म्हणजे ६०,०००. बेरीज १,३६,०००.

१५ दिवस दोन्हीकडे, मग भरपाईत ६,५०० आणि ग्रॅच्युइटीत ७,५०० कसे? ग्रॅच्युइटीच्या कायद्यानेच महिना २६ दिवसांचा धरायला सांगितलं आहे. कपातीच्या भरपाईत तो ३० दिवसांचा राहतो. हिशेबनीस हमखास इथे अडखळतात, कधी मालकाच्या बाजूने, कधी कामगाराच्या.

याशिवाय नव्या संहितेत कौशल्यनिधीची तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराचे १५ दिवस निधीत भरायचे आणि ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. वरच्या माणसाला ते आणखी ६,५०० होतात.

नगावर किंवा मीटरवर काम करणाऱ्याचं काय? सरासरी काढायची. आठवड्याला पगार असेल तर भरपाईसाठी शेवटचे चार पूर्ण आठवडे धरतात, ग्रॅच्युइटीसाठी शेवटचे तीन महिने, ओव्हरटाइम वगळून. काढायच्या आधी महिनाभर सूत कमी देऊन सरासरी पाडायची युक्ती जुनी आहे. मागच्या चिठ्ठ्या जपलेल्या असतील तर ती उघडी पडते. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या हंगामी कामगारांना ग्रॅच्युइटी दर हंगामामागे ७ दिवसांची.

चोर रंगेहाथ सापडला, तरी चौकशी?

तरीही. हा आक्षेप सगळ्यात रागाने घेतला जातो, म्हणून जरा सविस्तर.

चौकशी म्हणजे कोर्ट नव्हे. आरोप काय ते माणसाला कळलं, पुरावा त्याच्यासमोर मांडला, त्याला बोलू दिलं आणि तिसऱ्या माणसाने ठरवलं, इतकंच. सुरुवात आरोपपत्राने होते आणि निम्मी प्रकरणं तिथंच कच्ची राहतात. ‘तुम्ही नेहमी गैरवर्तन करता व कंपनीचे नुकसान करता’ हे आरोपपत्र नाही, ते भांडण झालं. आरोपपत्र असं असतं : अमुक तारखेला, दुसऱ्या पाळीत, रात्री ११.४० वाजता, मुख्य गेटवर झडतीत तुमच्या डब्याच्या पिशवीत कारखान्याचे सुताचे ३ कोन मिळाले; झडती अमुक वॉचमनने घेतली, तमुक दोघं हजर होते; याबद्दल इतक्या दिवसांत लेखी खुलासा द्या.

भाषा बघा. सोलापुरात मागावर तेलुगू बोलणारे आहेत, कन्नड बोलणारे आहेत, उर्दू आहेत. इंग्रजीत टाइप केलेलं आरोपपत्र हातात देऊन सही घेतली म्हणजे त्याला आरोप कळला असं होत नाही. त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावं, नाहीतर साक्षीदारासमोर वाचून समजावल्याची नोंद करून सही किंवा अंगठा घ्यावा.

खुलासा पटला नाही तर चौकशी अधिकारी नेमायचा. ज्याने चोरी पकडली तोच चौकशी अधिकारी नको. कुटुंबाच्या कारखान्यात हे हमखास होतं, कारण पकडणारा, चौकशी करणारा आणि सही करणारा एकच भाऊ असतो. बाहेरचा माणूस नेमला तर बिघडत नाही. कामगाराला मदतीला सहकारी घेऊ द्यावा. साक्षीदाराला त्याने प्रश्न विचारू द्यावेत. प्रत्येक तारखेचं कामकाज लिहून खाली सगळ्यांच्या सह्या. कामगार बोलावूनही आला नाही तर ते नोंदवून पुढे जाता येतं, पण बोलावल्याचा पुरावा हवा.

चौकशीच्या काळात निलंबित ठेवता येतं, फुकट नाही. तीनशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून, पुढे उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. लहान कारखान्यांनीही हेच माप धरावं. उपाशी माणसाने दिलेला खुलासा पुढे टिकत नाही.

अहवालात दोष सिद्ध झाला की त्याची प्रत द्यायची, शिक्षेबद्दल त्याचं म्हणणं मागायचं, मगच आदेश. शिक्षा गुन्ह्याच्या मापाची हवी. बारा वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्याला एकदा पाळीत डुलकी लागली म्हणून बडतर्फ केलं तर कोर्ट ती शिक्षा कमी करू शकतं.

‘आम्ही काढलंच नाही, तोच येईना’

गावच्या जत्रेला गेला, सुगीला गेला, घरचं कोणी आजारी पडलं आणि दीड महिना आला नाही. परतल्यावर गेटवर सांगितलं, ‘तुझं नाव कमी केलं.’ गैरहजेरी हा दोष होऊ शकतो, राजीनामा होत नाही. नोकरी सोडायचा त्याचा इरादा होता हे मालकाला दाखवावं लागतं.

म्हणून आठ-दहा दिवस झाले की घरच्या पत्त्यावर आणि गावच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पोचपावतीसह : अमुक तारखेपासून गैरहजर आहात, अमुक तारखेपर्यंत हजर व्हा किंवा कारण कळवा. उत्तर नाही आलं तर दुसरं पत्र, मग चौकशीची नोटीस. पत्र परत आलं तर पाकीट फोडू नका, शेरा मारलेलं बंद पाकीटच पुरावा. कामगाराच्या बाजूनेही हेच : जाताना व्हॉट्सअॅपवर का होईना तारखेसह रजा मागा. आणि गेटवर अडवलं तर गप्प घरी जाऊ नका. त्याच दिवशी ‘मी कामावर आलो होतो, मला आत घेतलं नाही’ एवढं पत्र मालकाला आणि सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला पाठवा. पुढे ‘सोडून गेला’ विरुद्ध ‘काढलं’ या भांडणात हे पत्रच बोलतं.

दोन दिवसांत नक्की काय मिळतं?

पगार. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो, कपात असो की बडतर्फी, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. पूर्वी राजीनाम्याच्या हिशेबाला पुढच्या पगारतारखेपर्यंत लटकवलं जायचं, ते आता चालणार नाही.

ग्रॅच्युइटी या दोन दिवसांत येत नाही. तिला ३० दिवस आहेत, त्यानंतर व्याज. ती दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही, आणि ठरलेल्या मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला एक वर्षानंतरही प्रमाणात मिळते. बोनस आपल्या वेळी येतो : त्या वर्षात ३० दिवस काम केलेला आणि पगाराच्या मर्यादेत बसणारा माणूस दिवाळीआधी नोकरी सोडून गेला तरी त्याच्या वाट्याच्या बोनसला हकदार असतो. हे फार थोडे जण मागायला परत येतात.

उचलीचं काय? पगारातून कापता येते, पण सगळ्या कपाती मिळून त्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. ग्रॅच्युइटी मात्र मोजक्याच कारणांसाठी रोखता येते : मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने केलेलं नुकसान (आणि तेही नुकसानीच्या रकमेपुरतंच), दंगामस्ती-मारहाण, किंवा नोकरीच्या ओघात केलेला नीतिभ्रष्ट गुन्हा, आणि त्यासाठीच बडतर्फी झालेली असली पाहिजे. पोरीच्या लग्नाला घेतलेली उचल यातल्या कशातच बसत नाही.

‘आमच्याकडे आठच माणसं’

तीनशेचा आकडा कशाचा, तो समजून घ्या. तीनशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी किंवा कारखाना कायमचा बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. तीनशेच्या खाली परवानगी लागत नाही, एवढंच बदललं. नोटीस, भरपाई, शेवटी आलेला आधी जाणं हे आठ माणसांच्या शेडलाही आहे. ग्रॅच्युइटीला दहा आणि पीएफला वीस माणसांची अट आहे, म्हणून एकाच छताखाली बायकोच्या, भावाच्या, मेव्हण्याच्या नावाने तीन फर्म दाखवतात. वीजमीटर, सूत, हिशेबनीस आणि गेट एकच असेल तर ती एकच आस्थापना धरली जाऊ शकते.

कारखानाच बंद करायचा असेल तर पन्नास किंवा जास्त कामगारांसाठी ६० दिवस आधी नोटीस, आणि भरपाई कपातीसारखीच. मालाला उठाव नाही, तोटा झाला, ही भरपाई कमी करायची कारणं मानली जात नाहीत.

गरोदरपणाच्या किंवा बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या गैरहजेरीसाठी काढता येत नाही. यावर चर्चा नको.

राजीनाम्याचा कागद

नोकरीला लागतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची पद्धत अजून मेलेली नाही. तसं झालं असेल तर पुढे राजीनामा ‘सापडला’ त्याच दिवशी लेखी हरकत घ्या. खरा राजीनामा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत, तारीख आणि शेवटचा दिवस लिहून द्यावा आणि पोच घ्यावी. मन बदललं तर स्वीकारला जाण्याआधी तो मागे घेता येतो. ‘सर्व हिशेब मिळाला, काही मागणे नाही’ या ओळीवर सही करताना रक्कम प्रकारवार लिहिलेली आहे ना, ते बघा. नुसता एकूण आकडा असेल तर शेजारी ‘ग्रॅच्युइटी यात नाही’ असं लिहून सही करा. तशीही अशा सहीने ग्रॅच्युइटीचा हक्क बुडत नाही, पण भांडण वाचतं.

पीएफची तारीख

पैसे मिळाले, दाखला मिळाला, आणि सहा महिन्यांनी कळतं की पीएफ निघत नाही, नव्या नोकरीत वळतही नाही. कारण बहुधा एकच : जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही, किंवा अशी भरली आहे की ती नव्या नोकरीच्या सुरुवातीच्या पुढे जाते. तारीख मालकाने भरायची असते. नाहीच भरली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला स्वतःच्या यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) खात्यातून ती भरता येते. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली टाकायची. एकदा टाकली की बदलणं त्रासाचं, म्हणून बटण दाबण्याआधी पासबुकातला शेवटचा महिना बघा.

दाद कुठे आणि कधीपर्यंत

काढणं चुकीचं वाटत असेल तर पहिली पायरी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. ते दोघांना समोरासमोर बसवतात, आणि पैशांवर मिटणारी प्रकरणं बरीचशी इथेच मिटतात. अर्ज दिल्यापासून ४५ दिवस होऊनही काही झालं नाही तर कामगाराला स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं, युनियन पाठीशी नसली तरी. मुदत काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षं. जुन्या कायद्यात ती तीन वर्षं होती, आणि अजूनही पुष्कळ जण तीनच धरून बसलेले आहेत.